तीन ग्लास पाऊस

त्या सकाळी बाबांनी मोजपात्र राखेनं घासलं. काचेचं ते उभं पात्र उजेडासमोर धरून आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. मग पर्जन्यमापकाचं नरसाळं काढलं, आतल्या बाटलीतलं पाणी पात्रात ओतलं आणि अंगणातच उकिडवे बसले. पाण्याची रेघ नजरेच्या सरळ समोर आल्याशिवाय ते आकडा सांगत नसत.

"एक ग्लास अन् वर चार," ते म्हणाले. "चोवीस. तुही मशीन काय म्हणते?"

मी मोबाईल पाहिला. "बावीस."

"म्हणजे आज दोननं चुकलो."

"दोनचा फरक आहे, बाबा."

"तेच थे," ते म्हणाले आणि पात्र पालथं घातलं.

आई दारातून म्हणाली, "दोघं बापलेक त्या डब्याभवती फेर धरा आता. चहाचं पाणी झालं तिकडे."

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. कुठल्याशा योजनेत शाळेला मिळालेला तो पर्जन्यमापक त्यांनी सांभाळला आणि निवृत्त झाल्यावर सगळ्यांच्या संमतीनं आमच्या अंगणात आणून बसवला. शाळेच्या कुंपणात बकऱ्या शिरत, आमच्या अंगणात आईच्या धाकानं कोंबडीही शिरत नसे. मोजपात्रात वीस मिलिमीटर पाऊस मावायचा. गावाला मिलिमीटर कधी कळला नाही, ग्लास कळला. 'गुरुजी, काल किती ग्लास झाला?' असंच लोक विचारत. बाबांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराला पाढ्यांसारखं एक वाक्य पाठ होतं : तीन ग्लास झाले की संगमावर थांबायचं नाही. दिग्रस-पुसदकडच्या या डोंगराळ पट्ट्यात आमचं गाव वर आहे आणि संगम खाली, घाट उतरून. खाली लख्ख ऊन असतं आणि वरचं पाणी निघालेलं असतं.

मी नागपूरच्या एका संस्थेत काम करते. पाऊस, वारा, तापमान, दमटपणा, सगळं एकाच खांबावर मोजणारी स्वस्त हवामान यंत्रं हल्ली गावोगावी लागताहेत. त्यांच्यावर किती विसंबावं हे तपासायचं काम आमच्याकडे आलं होतं. असं यंत्र तपासायचं तर शेजारी खात्रीचं मोजमाप लागतं, आणि रोज न चुकता ते घेणारं माणूस लागतं. म्हणून मी आमचं अंगण निवडलं. पांढरा खांब रोवण्याआधी बाबांचा डबा नीट पाहिला. तोंड कुठे चेपलंय का, पातळीत बसलाय का, काचेवरच्या रेघा बरोबर आहेत का. बाबा हात मागे बांधून उभे होते. "आधी तुमचा डबा तपासून घेते," असं मी म्हणाले होते.

यंत्राचे गुणदोष हळूहळू कळत गेले. दुपारच्या उन्हात ते तापमान जरा जास्त सांगायचं, कारण त्याच्यावर सावली धरणाऱ्या पांढऱ्या चकत्या पातळ होत्या. दमटपणा ठीक. वारा एका बाजूनं भिंत असल्यामुळे थोडा कमी. भुरभुर पाऊस अगदी बरोबर. पण पाऊस जोरात आला की ते मागे पडायचं. आत दोन पळ्यांची इवलीशी सी-सॉ असते. एक पळी भरली की कलंडते, दुसरी पुढे येते, आणि जितक्या वेळा कलंडेल तितका पाऊस धरला जातो. धो-धो पावसात कलंडता कलंडताच पाणी बाहेर जातं आणि ते मोजलं जात नाही.

गावाला मात्र यंत्राचं कौतुक. त्याचा निरोप आपोआप गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडायचा. बाबांचा आकडा नंतर यायचा. कुणीतरी लिहिलंही होतं, 'गुरुजी, डबा पण रिटायर करा आता.' खाली हसरे चेहरे. बाबांनीही एक हसरा चेहरा टाकला होता.

त्या दिवशी चहा पिताना त्यांनी विचारलं, "निकाल कधी हाय?"

"रिपोर्ट ना? दिवाळीनंतर."

"डबा पास होईन ना?"

मी यंत्रातली माहिती लॅपटॉपवर उतरवत होते. मान वर न करता म्हणाले, "बघू ना."

ते हसले. मीही हसले. मला ती गंमत वाटली.

नंतर बसस्टॉपपर्यंत ते माझी बॅग घेऊन आले. "पोहोचली की फोन करजो," म्हणाले. यवतमाळला गाडी बदलताना मी फोन केला आणि रात्री नागपूरहून पुन्हा केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला तो रजतचा, माझ्या धाकट्या भावाचा. "ताई, बाबा," इतकंच बोलून तो थांबला. पुढचं मागून कुणीतरी सांगितलं. वावरातून आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं. आई पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

सुतकात माणसं येत राहिली. शेजारच्या तांड्यावरचे शंकरसिंग काका रोज येत. बाबांचे जुने दोस्त. दोघांची वावरं लागून. एकदा ते अंगणातल्या खांबाकडे पाहत म्हणाले, "गुरुजी लय टेन्शनमध्ये राहत होते बरं, बेटा."

"कशाचं?"

"तुह्या परीक्षेचं. म्हणे, शंकर, जिंदगीभर पोरायले नापास केलं, आता लेक माह्या डब्याचा पेपर तपासून राह्यली. रोज दोन-तीननं चुकून राह्यलो म्हणे. मी म्हटलं, गुरुजी, कॉपी करा ना थोडी, मशीनीत पाहून लिहा. तं मारायले धावले मले." ते हसले आणि मग उपरण्यानं डोळे पुसत बसले.

मला जे सांगायचं ते त्यांना सांगून भागणार नव्हतं.

दहाव्याला आम्ही शंकरसिंग काकांच्या पिकअपमधून घाट उतरलो. रजत, बाबांचे धाकटे भाऊ भीमराज काका, विधी सांगणारे महाराज, भाऊबंदांतले पाच-सात जण आणि मी. आई रिवाजाप्रमाणे घरी राहिली. बाया संगमावर जात नाहीत, असं काका एकदा म्हणाले, पण गाडीत चढायला त्यांनीच मला हात दिला.

संगमावर दोन प्रवाहांच्या मधे वाळूचा उंचवटा आहे, त्यावर महादेवाची शिळा. तिथे जायला घोट्याएवढं नितळ पाणी ओलांडावं लागलं. ऊन चांगलंच लागत होतं. रजतनं मुंडण केलं, आंघोळ केली, महाराज सांगतील तसं करत गेला. पळसाच्या पानावर पिंड ठेवले आणि आम्ही सगळे मागे सरकलो.

काठावरच्या हिवराच्या झाडावर दोन कावळे होते. एकानं मान वाकडी करून खाली पाहिलं, मग चोच फांदीला पुसली.

आम्ही थांबलो. कावळा काही खाली येईना.

भीमराज काकांनी हात जोडले. "दादा, रजतचं लगन मी करून देतो. काळजी करू नको."

कावळा हलला नाही.

"आईले मी सांभाळीन, बाबा," रजत म्हणाला.

"वावराच्या धुऱ्याचा वाद मिटला, दादा," काका पुन्हा म्हणाले. "तुह्या बाजूनं दोन हात जागा सोडतो."

"दोन?" शंकरसिंग काका हळूच पुटपुटले. "गुरुजी तं चार म्हणत होते."

"बरं, चार! चार हात सोडले, दादा!"

"जित्तेपणी सोडले असते तं कावळा कवाचाच उतरला असता," मागून कुणीतरी म्हणालं. दोघे-तिघे हसले आणि लगेच गप्प झाले. दुसरा कावळा उडून आणखी वरच्या फांदीवर गेला.

माझ्या हातातला मोबाईल थरथरला. आमच्या अंगणातल्या यंत्राचा निरोप होता. पाऊस सुरू.

मी मान वळवली. आमच्यावर आभाळ मोकळं होतं. घाटाच्या वर मात्र, जिथे आमचं गाव, तिथे डोंगराचा माथा दिसत नव्हता. मी यंत्राचं पान उघडून तसंच धरून ठेवलं. दर थोड्या वेळानं आकडे बदलत होते. तापमान एकाएकी खूप खाली आलं होतं. वारा भिंतीआडूनही जोराचा दिसत होता. या दोन आकड्यांवर माझा विश्वास होता. तापमान असं कोसळतं ते ढग फुटल्यासारखा पाऊस येतो तेव्हा. पावसाचा आकडा आधी अठरा, मग एकोणतीस, मग एक्केचाळीस.

एक्केचाळीस म्हणजे दोन ग्लास. जर खरंच एक्केचाळीस असेल तर. अशा पावसात ते कमीच सांगतं हे मला माहीत होतं. किती कमी, हे ठरलेलं नव्हतं. आमच्या नोंदींत कधी थोडंसं, कधी फारच. वर वारा असला की पाऊस तिरपा होऊन त्याच्या तोंडावरून निघून जातो, तेव्हा सगळ्यांत वाईट. पंचेचाळीस असेल तर हरकत नव्हती. पासष्ट असेल तर आम्ही बसलो होतो ती जागा थोड्या वेळानं राहणार नव्हती.

"काका, उठा. काठावर चला. वर जोराचा पाऊस आहे."

"किती?"

"मशीन एक्केचाळीस म्हणते."

"म्हणजे दोनच ग्लास. तीन कोठी झाले?"

"मशीन कमी सांगते, काका."

ते माझ्याकडे वळले. "तूच बसवली ना वं थे मशीन? गावभर सांगतलं, लई हुशार हाय म्हणून. आता तुह्याच मशीनीवर तुहाच भरोसा नाही?"

"जोराच्या पावसात नाही."

"अन् इथं थेंब नाही," कुणीतरी म्हणालं.

महाराजांनी घसा साफ केला. "भीमराजजी, शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करून शिववता येतो. अडचणीच्या वेळी चालतं."

"माह्या भावाले गवताचा कावळा?" काका ओरडलेच. "काहून? त्याले कोणी नव्हतं काय? एवढे पोट्टे शिकवले त्यानं. मी नाही उठत. ज्याले जायचं त्यानं जा."

मग कोणीच उठलं नाही. मी रजतकडे पाहिलं. तो पिंडांकडे पाहत होता. "ताई, थोडा वेळ," तो म्हणाला. "बाबाचं काहीतरी अडकलं असन."

प्रवाहाकडे पाहिलं. पाणी तेवढंच होतं. पण नितळ नव्हतं.

मी आईला फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा पत्र्यावर कोसळणारा पाऊसच आधी ऐकू आला.

"आई, डब्यात पाणी किती आहे, मोजून सांगतेस?"

"आता?"

"हो. आत्ता."

आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. बाबा गेल्यापासून डबा कोणी उघडलाच नसेल. सुतकात दोनदा पाऊस झाला होता. ते सगळं पाणी बाटलीत साठलेलं असणार. आता येईल तो आकडा आजच्या पावसाचा नसणार, आणि त्यावरून काहीच कळणार नव्हतं. माझ्या हातात तेवढं एकच खरं माप होतं, आणि तेही गेलं.

"राहू दे, आई. त्यात मागचं पाणी असेल."

"मागचं कायचं?" आई म्हणाली. "मी रोज सकाळी रिकामा करतो."

"तू?"

"मंग? त्यायचा डबा हाय. भरून ठिवाव काय? आजबी तुम्ही गाडीत बसले अन् मी रिकामा केला." थोडं थांबून ती म्हणाली, "आकडा नाही पाह्यत मी. नुसती वतून देतो."

"आई, आज पाहा. ग्लासानं मोज."

मी फोनचा आवाज मोठा केला आणि वाळूवर, सगळ्यांच्या मधे धरला. काका कपाळाला आठ्या घालून बसले होते. फोनमधून पाऊस ऐकू येत होता, मग आईची पावलं, मग नरसाळं काढल्याचा पत्र्याचा आवाज. काचेला बाटली लागली.

"एक झाला," आई म्हणाली. पाणी ओतून दिल्याचा आवाज.

शंकरसिंग काका उठून उभे राहिले.

"दोन झाले."

"होतीलच दोन," भीमराज काका म्हणाले. पण ते आता फोनकडे पाहत होते.

पाऊस. काच. आईचा श्वास.

"तीन झाले. अन् बाटलीत अजून हायेच."

काका उठले. विचार करून नाही, वर्गात गुरुजी आल्यावर पोरगं उठतं तसे उठले. "चला," ते म्हणाले. "चला रे सगळे! महाराज, थे सामान राहू द्या!"

"चौथा अर्ध्याच्या वर गेला," आई फोनमधून सांगतच होती. "अन् पडूनच राह्यला, बाई, समोरचं घर दिसत नाही. तुम्ही लोकं वाळूत हा काय अजून? प्रेरणा? वं प्रेरणा!"

मी फोन कमरेला खोचला.

येताना घोट्याला लागलेलं पाणी आता गुडघ्यावर होतं, चहासारखं, आणि त्यावर फेसाचे गोळे, सागाची पानं, एक रबरी चप्पल. शंकरसिंग काकांनी महाराजांना दंडाला धरलं होतं. बाकीचे एकमेकांचे हात धरून उतरले. मधेच रजत थांबला आणि मागे वळला.

"ताई, पिंड."

मी त्याचं मनगट घट्ट धरलं. त्याच्या हाताला अजून तीळ चिकटले होते. "पुढे पाहा," मी म्हणाले. त्यानं हात ओढला. मी सोडला नाही. मग तो पुढे निघाला.

काठावर चढून मोजले तर एक माणूस कमी होतं. भीमराज काका वाळूवरच उभे होते, हिवराकडे तोंड करून, हात जोडून.

"काका!"

ते ऐकत नव्हते.

"काका, साडेतीन ग्लास!"

ते दचकून वळले आणि पाण्यात शिरले. पाणी त्यांच्या मांडीला लागलं. मधोमध ते डगमगले, एका बाजूला झुकले. शंकरसिंग काका कमरेपर्यंत आत गेले आणि उपरण्याचं टोक त्यांच्याकडे फेकलं. रजतनं शंकरसिंग काकांचा कमरेचा पट्टा धरला, मी रजतला. असं आम्ही त्यांना ओढून काठावर घेतलं. त्यांचे दोन्ही जोडे नदीत गेले होते.

मग तो आवाज आला. आधी वाटलं, घाटातून ट्रक उतरतो आहे. वळणावरून नदी आली ती एकदम, काठोकाठ, आडवी झाडं घेऊन. वाळूचा उंचवटा होता त्या जागी आधी एक भोवरा दिसला, नंतर तोही दिसला नाही. पळसाचं पान कधी गेलं ते कोणी पाहिलं नाही. महादेवाची शिळा पाण्याखाली होती. हिवरावरचे कावळे उडाले होते.

आम्ही तिथेच बसलो. महाराज ओले कपडे पिळत होते. आई अजून फोनवर होती. मी तिला सांगितलं, सगळे काठावर आहेत. ती "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

भीमराज काकांनी अनवाणी पाय पोटाशी घेतले होते. "शिवला नाही," ते म्हणाले. "कावळा शिवला नाही. मरेपर्यंत आपल्यासाठी डबा मोजत बसला माणूस, अन् आपल्याले त्याचं मन कळलं नाही. काय राह्यलं असन त्याचं?"

त्यांना रडू आलं. रजतनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सुचेल तेवढं सगळं वाळूवर बोलून झालं होतं, लग्न, धुरा, आई.

शंकरसिंग काका माझ्याकडे पाहत होते. ते थोडे बाजूला सरले, मला नदीकडे वाट मिळावी म्हणून.

मी उठले. पाण्याच्या जितक्या जवळ जाता येईल तितकी गेले. पुस्तकांतून मी बरीच मोठी वाक्यं वाचली आहेत. त्यातलं एकही आठवलं नाही. नदीचा आवाज इतका होता की हळू बोलून चालणार नव्हतं, आणि मागे सगळे ऐकत होते.

"बाबा," मी ओरडून म्हणाले, "परीक्षा तुमची नव्हती. मशीनची होती. मशीन खरी की खोटी, ते मी तुमच्या डब्यावरून पाहत होते. तुम्ही एकदाही चुकले नाहीत, बाबा. पहिल्या दिवसापासून मी तुमचाच आकडा खरा धरला होता."